चुकलेले तिकीट

चुकलेला माल कमी किमतीला जातो, हा आपला रोजचा अनुभव. गिरण्यांत एके काळी खराब निघालेले कापड विणकराच्याच माथी मारीत व त्याची किंमत पगारातून कापून घेत. आमची उमर कामगारांत गेली, म्हणून चुकलेल्या मालालाच मान देणारे एक जग आहे हे प्रथम कळले तेव्हा आम्हांस मोठी गंमत वाटली. ते जग छापील वस्तूंच्या संग्राहकांचे.

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची चित्रे येत. मॅगी नावाच्या खेळाडूच्या आडनावातील एक अक्षर चुकले व पुढे ते दुरुस्त झाले. आज चुकलेले चित्र दुरुस्त चित्राच्या कितीतरी पट किमतीला जाते. आपल्याकडे हाच छंद टपाल तिकिटांत आढळतो.

१८५४ साली कलकत्त्यास चार आण्यांचे तिकीट शिळाछापावर छापले गेले. चौकट तांबडी, आतील व्हिक्टोरिया राणीचे मस्तक निळे. रंग दोन, म्हणून प्रत्येक ताव दोनदा छापावा लागे. दुसऱ्या खेपेस काही ताव उलटे लागले आणि राणी डोक्यावर उभी राहिली! अशी सुमारे तीसच तिकिटे आज ज्ञात आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे, नाशिकच्या सरकारी छापखान्यातले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी प्राचीन शिल्पांची तिकीटमाला निघाली. तीत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती डावी-उजवी उलटलेली होती. जुलै १९५० मध्ये दुरुस्त तिकीट आले. दोन्ही शेजारी ठेवा, एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब दिसेल. मात्र येथे चूक मूळ चित्रातच होती व सारी छपाई तशीच बाहेर पडली. म्हणून ते तिकीट दुर्मिळ नाही. वापरलेली प्रत साधा माणूसही घेऊ शकतो. किंमत चुकीला नसते, चुकीच्या विरळपणाला असते.

आता प्रश्न असा की, खरी चूक ओळखावी कशी? काही लोक उन्हात ठेवून वा रसायनाने एखादा रंग उडवितात आणि 'रंग सुटलेले तिकीट' म्हणून विकतात. कोणी कडेची भोके कातरून टाकतात. आमची कसोटी साधी आहे : काम कोणत्या क्रमाने झाले आणि त्यातील कोणत्या पायरीवर हात किंवा यंत्र चुकले, हे सांगता आले पाहिजे. दोनदा छपाई होत होती, म्हणूनच मस्तक उलटू शकले. एकाच रंगात, एकाच दाबाने छापलेल्या तिकिटात मस्तक तेवढे उलटे दिसले, तर खुशाल हात आखडता घ्यावा.

धुळेकरांना ही रीत परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली येथेच वारले व १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. दोन पोथ्यांत तीच चूक सापडली, की एकीवरून दुसरी उतरली असावी असा माग लागतो. नक्कल करणाऱ्याची चूक अभ्यासकाच्या उपयोगी पडते, ती अशी.

१९३६ च्या वेतन कायद्याने दंडाला मर्यादा घातली, आणि कामगाराला कारण दाखविण्याची संधी दिल्यावाचून दंड करू नये असेही ठरविले. संग्राहक नकळत तेच करतो. चूक पाहताच तो रागावत नाही. ती कशी घडली हे विचारतो. छापणाऱ्याच्या हातून ती निसटली, तशीच तपासणाऱ्याच्या नजरेतूनही निसटली, हे त्याला कळते. उलट्या राणीचे तिकीट लिलावात लाखोंनी विकले जाते. ते ज्याच्या हातून उलटे पडले, त्याच्या वाट्याला त्यातले काही येणे नव्हते.

म्हणून तरुण मित्रांना एवढेच सांगणे : तिकीट वहीत लावाल, तेव्हा त्याखाली किंमत लिहू नका. चूक कोणत्या कामात, कशी झाली, ते लिहा.