व्हीएफएक्स आणि कलर ग्रेडिंग शिकताय? कोर्सची फी भरण्याआधी हा हिशेब वाचा



गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतोय. "ताई, व्हीएफएक्स आणि कलर ग्रेडिंग शिकून गावातच छोटा स्टुडिओ काढायचाय. क्लासवाले दीड लाख सांगतायत, वर कॉम्प्युटरचा खर्च वेगळा. घरचे द्यायला तयार आहेत. भरू का फी?"

थेट उत्तर देते. काम शिकण्यासारखं आहे आणि त्यात धंदाही आहे. पण पहिल्याच दिवशी दोन-अडीच लाख घालायची गरज नाही. शिकण्याचा मोठा भाग फुकटात होतो. या धंद्यात पैसे बुडतात ते न लिहिलेल्या अटींमुळे आणि न मोजलेल्या तासांमुळे. म्हणून आज दोन्ही बोलूया: शिकायचं कसं आणि बुडायचं नाही कसं.

आधी दोन कामं वेगळी ओळखा

कलर ग्रेडिंग म्हणजे शूट झालेल्या चित्राच्या रंगावर काम. त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला करेक्शन: सकाळी आणि दुपारी शूट केलेले, दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे शॉट एकाच वेळचे वाटले पाहिजेत. दुसरा ग्रेडिंग: गोष्टीला शोभेल असा रंगाचा मूड द्यायचा. नवशिके थेट दुसऱ्या टप्प्यावर उडी मारतात, कुठला तरी तयार लट डाउनलोड करून लावतात आणि नवरीचा चेहरा नारिंगी होतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते आधी पहिल्या टप्प्याचे.

व्हीएफएक्स म्हणजे चित्रात नसलेलं आणणं किंवा असलेलं काढणं. डायनासोर आणि स्फोट लगेच डोक्यातून काढा. रोजचं काम साधं असतं: फ्रेममध्ये आलेली विजेची तार पुसणं, दुकानाची पाटी बदलणं, हिरव्या पडद्यामागे वेगळं दृश्य बसवणं, मोबाईलच्या स्क्रीनवर मेसेज दाखवणं. क्लीनअप, कीइंग, ट्रॅकिंग, रोटो, कंपोझिटिंग हे शब्द याच कामांचे आहेत.

हे आपल्या मातीला नवीन नाही. दादासाहेब फाळके शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्यातच ट्रिक सीन करत होते. रंगाचं मात्र अवघड होतं. १९३३ साली प्रभातच्या 'सैरंध्री'साठी व्ही. शांतारामांना रंगीत प्रिंट काढायला जर्मनी गाठावी लागली, आणि एवढं करूनही रंग मनासारखे आले नाहीत. २००० साली आलेल्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या हॉलिवूडपटात मिसिसिपीची हिरवीगार झाडी कॉम्प्युटरवर सुकलेल्या, पिवळ्या रंगाची केली. कॅमेरामन रॉजर डीकिन्स यांनी त्यासाठी कित्येक आठवडे घालवले. अख्खा चित्रपट असा डिजिटल पद्धतीने रंगवणाऱ्या पहिल्या सिनेमांत त्याचं नाव घेतात. तेव्हा हे काम मोठ्या लॅबमध्येच व्हायचं. आज तेच काम करणारं सॉफ्टवेअर तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर फुकट चालतं.

पहिले तीन महिने: फी शून्य

ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचं डाविंची रिझॉल्व्ह डाउनलोड करा. हॉलिवूडचे कलरिस्ट वापरतात तेच हे सॉफ्टवेअर. फुकट आवृत्तीत एडिटिंग, कलर, साउंड आणि फ्यूजन नावाचा व्हीएफएक्सचा भाग, सगळं आहे. यूएचडी म्हणजे ३८४० बाय २१६० पर्यंत फाईल काढता येते. फुकट आवृत्तीतलीच टूल्स वापरली तर वॉटरमार्क येत नाही. माझ्या चॅनलचे व्हिडिओ मी त्यावरच कट करते. कंपनीच्या वेबसाईटवर ट्रेनिंगची पुस्तकं आणि सरावाच्या फाईल्सही फुकट आहेत. इंग्रजी थोडी जड वाटली तरी चालेल, एका दिवशी पाच पानं करा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र कॉम्प्युटरवर येऊ देऊ नका. एक व्हायरस शिरला आणि कुणाच्या लग्नाचं फुटेज गेलं, तर गावात पुन्हा काम मिळणार नाही.

पहिला महिना फक्त करेक्शन. व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर आणि दोन शॉट जुळवणं. डोळ्यावर विसंबू नका, स्कोप वाचायला शिका. वेव्हफॉर्म उजेड दाखवतो, परेड लाल-हिरवा-निळा वेगळा करून दाखवते, आणि वेक्टरस्कोपवर त्वचेच्या रंगाची एक रेघ असते. माणूस गोरा असो की सावळा, नीट उजेडातल्या त्वचेचा रंग त्या रेघेच्या आसपासच येतो.

दुसरा महिना लॉग फुटेज, नोडचा क्रम आणि चेहऱ्यापुरता किंवा आकाशापुरता रंग बदलणं.

तिसरा महिना फ्यूजन: एक तार पुसा, एक पाटी बदला, एक हिरवा पडदा काढा. सरावाला चांगलं फुटेज हवं असेल तर ब्लेंडर संस्थेच्या २०१२ च्या 'टिअर्स ऑफ स्टील' या लघुपटाचं मूळ फुटेज सगळ्यांसाठी खुलं आहे. ब्लेंडरही फुकटच आहे.

तीन महिन्यांनंतर रोज तीन तास बसण्याची ओढ टिकली असेल आणि नेमकं कुठे अडतंय ते सांगता येत असेल, तर खुशाल क्लास शोधा. तेव्हा तुम्ही क्लासवाल्याला नेमके प्रश्न विचाराल आणि फी वसूल कराल. एक सावधगिरी: फक्त रोटोवर भविष्य बांधू नका. माणूस कापून वेगळा करायचं काम आता एआय टूल्स झपाट्याने करायला लागली आहेत. काय चांगलं दिसतं, हे ठरवणारी नजर तयार करा.

पैसे घालायचेच तर इथे घाला

माझं साड्यांचं दुकान आहे. जुनं गिऱ्हाईक साडी पसंत केली तरी लगेच पैसे काढत नाही. आधी ती साडी दाराशी नेऊन उन्हात बघतं, कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसणारी साडी बाहेर हिरवी निघू शकते. तुमचा मॉनिटर म्हणजे तुमची ट्यूबलाइट. तोच खोटा रंग दाखवत असेल, तर सगळी मेहनत चुकीच्या रंगावर होते.

म्हणून पहिला खर्च चांगल्या आयपीएस मॉनिटरवर आणि तो कॅलिब्रेट करण्यावर. खोलीची भिंत करड्या रंगाची, स्क्रीनवर ऊन नाही, रंगीत दिवे नाहीत. दुसरा खर्च ग्राफिक्स कार्ड आणि रॅमवर: १६ जीबीवर सुरुवात होते, फ्यूजनसाठी ३२ बरी. मशीन अडखळत असेल तर प्रॉक्सी फाईल बनवून काम करा. तिसरा खर्च बॅकअप हार्ड डिस्कवर. फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. रिझॉल्व्हची विकतची स्टुडिओ आवृत्ती कामं सुरू झाल्यावर, त्याच कमाईतून घ्या.

ऑस्कर मिळालं, पण कंपनी बुडाली

'लाइफ ऑफ पाय' आठवतोय? होडीतला तो वाघ बहुतेक शॉट्समध्ये कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. ते काम रिदम अँड ह्यूज या लॉस एंजेलिसच्या कंपनीचं. मुंबई आणि हैदराबादलाही तिची ऑफिसं होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यात, ऑस्करच्या काही दिवस आधी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

कौशल्यात जगात पहिले, तरी बुडाले. कारणं बरीच होती, पण त्या काळात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती व्हीएफएक्सच्या धंद्याच्या पद्धतीची. काम ठरलेल्या रकमेत घ्यायचं आणि बदल मात्र येतच राहायचे. रिलीज पुढे ढकललं, कामं लांबली, तरी पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. आता हेच तुमच्या खोलीत कसं घडतं ते बघा.

तुमचा हिशेब

समजा वीज, इंटरनेट, मशीनची झीज, भाडं आणि तुमचं घरखर्चाला लागणारं मानधन मिळून महिन्याला ३०,००० रुपये. महिन्यात प्रत्यक्ष बिल करता येतील असे तास १०० धरा, कारण बाकीचा वेळ फोन, फाईल कॉपी आणि वसुलीत जातो. म्हणजे एका तासाची किंमत ३०० रुपये.

एक शॉर्ट फिल्म आली. अंदाज २४ तास, म्हणजे खर्च ७,२००. तुम्ही १०,००० सांगितले. नफा २,८००. छान वाटलं.

मग दिग्दर्शकाचा मित्र म्हणतो, "थोडं निळसर कर ना." निर्माता म्हणतो, "पहिलंच बरं होतं." असे दहा तास गेले. खर्च ३,००० ने वाढला. आता तुमचा नफा शून्याखाली गेला, २०० रुपये तोटा. आणि भांडण झालं नाही म्हणून तुम्ही खूश!

म्हणून काम घेण्याआधी या गोष्टी लिहून पाठवा, व्हॉट्सॲपवर पाठवल्या तरी चालतील, पण समोरून "ओके" घ्या:

१. किती मिनिटांची फिल्म, किती व्हीएफएक्स शॉट, कुठली फाईल द्यायची.

२. एडिट लॉक झाल्यावरच ग्रेडिंग सुरू. नंतर कट बदलला तर वेगळे पैसे.

३. आधी तीन शॉटचा नमुना. तो मंजूर झाल्यावरच पुढचं काम.

४. बदलांच्या दोन फेऱ्या किमतीत. तिसरीपासून तासाचा दर.

५. बदल सांगणारा माणूस एकच.

६. निम्मे पैसे आगाऊ. प्रिव्ह्यू वॉटरमार्कसह, फायनल फाईल पूर्ण पैसे आल्यावर.

७. कामाचा आधी-नंतरचा नमुना तुम्ही दाखवू शकता, याची परवानगी.

ओळखीच्या माणसाला हे पाठवायला संकोच वाटतो, मान्य आहे. पण शिंपीसुद्धा कापड कापण्याआधी माप लिहून घेतो, त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा सीएंना विचारा. मशीनसाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळू शकतं, पण हातात दोन-तीन पक्की गिऱ्हाइकं आल्यावरच त्या वाटेला जा.

या आठवड्याचा गृहपाठ

एकच वस्तू, समजा अंगणातली तुळस, दोन वेगळ्या मोबाईलवर सकाळी आणि संध्याकाळी शूट करा. रिझॉल्व्हमध्ये चारही शॉट असे जुळवा की एकाच वेळी काढल्यासारखे वाटतील. किती तास लागले ते वहीत लिहा. तुमच्या पहिल्या कोटेशनचा आकडा त्या वहीतूनच येणार आहे.

आणि हो, तुळस जुळेपर्यंत क्लासची फी भरू नका!