त्वचेचे बुरशीजन्य विकार आणि वनौषधी : घुग्घुस परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक विवेचन

सारांश

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस परिसरात उष्ण-दमट हवामान व घाम गाळावयास लावणारे श्रम यांमुळे नायटा, चिखल्या, शिबे यांसारख्या बुरशीजन्य विकारांना पोषक परिस्थिती निर्माण होते. प्रस्तुत लेखात तरोटा, कडुनिंब, करंज, लसूण इत्यादी पारंपरिक उपाय आणि बाजारात मिळणारी पूरके यांची उपलब्ध शास्त्रीय पुराव्यांच्या आधारे चिकित्सा केली आहे. खाज थांबणे आणि रोग बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

बीजसंज्ञा : नायटा, तरोटा, किण्व, वनौषधी, स्टेरॉईड मलम, औषधप्रतिरोध

प्रस्तावना

वर्धा नदीच्या काठी वसलेले घुग्घुस हे कोळसा, सिमेंट व लोखंड यांवर जगणारे गाव आहे. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि त्यापाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. खाणीत किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्या मजुराचे पाय आठ-आठ तास जाड बुटांत कोंडलेले असतात. कपडे घामाने भिजून अंगावरच वाळतात. जांघ, काख, कंबर आणि पायाच्या बोटांमधील बेचके या जागा बुरशीच्या वाढीस अत्यंत अनुकूल ठरतात. दुसरीकडे, जवळच्या वनप्रदेशात वनस्पतींच्या औषधी उपयोगाची समृद्ध परंपरा आहे. तेव्हा नायट्यावर पहिला उपाय म्हणून पाला वाटून लावणे किंवा दुकानातून एखादे मलम आणणे या दोन्ही गोष्टी येथे सर्रास घडतात. या दोन्हींची साधकबाधक तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विकारांचे स्वरूप

सर्वसामान्य भाषेत ज्याला 'बुरशी' म्हटले जाते, त्यात तीन वेगवेगळे जीव अंतर्भूत आहेत. नायटा किंवा गजकर्ण हा त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशीमुळे होतो. शिबे हे मॅलॅसेझिया नावाच्या, त्वचेवरील तैलांशावर पोसणाऱ्या किण्वामुळे उमटतात. कॅन्डिडा हे दुसरे किण्व निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व योनिमार्गातही अल्प प्रमाणात असते. मधुमेह, गर्भावस्था, प्रतिजैविकांचा दीर्घ वापर किंवा सततचा ओलावा यांमुळे त्याची अवाजवी वाढ होते. बोटांमधील चिखल्या नायट्याच्या बुरशीमुळे होतात, तशाच कॅन्डिडामुळेही होतात. कारण भिन्न असल्यामुळे एकच पाला किंवा एकच मलम सर्वांना लागू पडेल, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे.

तरोटा : परंपरा आणि रसायन

विदर्भात पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला व पडीक जमिनीवर उगवणारा तरोटा सर्वांच्या परिचयाचा आहे. कोकण व पश्चिम महाराष्ट्रात त्यास टाकळा म्हणतात. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी केली जाते आणि बिया वनोपज म्हणून गोळा केल्या जातात. आयुर्वेदात त्याची चक्रमर्द व दद्रुघ्न अशी नावे आहेत. दद्रु म्हणजे नायटा. तेव्हा 'नायट्याचा नाश करणारा' हा गुण त्याच्या नावातच नोंदलेला आहे.

या नावामागे रासायनिक आधारही आहे. तरोट्याच्या बियांत क्रायसोफॅनिक आम्ल-९-अँथ्रोन हे संयुग आढळते आणि प्रयोगशाळेत ते नायट्याच्या बुरशीची वाढ रोखते. या संयुगाचा इतिहास मराठी मुलखाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात गोवा व मुंबई येथे 'गोवा पावडर' नावाची पिवळसर भुकटी नायट्यावर विकली जात असे. ती कोठून येते हे बराच काळ गूढ होते. १८७४ मध्ये ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्व्हा लिमा यांनी ही भुकटी म्हणजे तेथील अरारोबा वृक्षाच्या खोडातून मिळणारा पदार्थच असल्याचे दाखविले. पोर्तुगीज व्यापाराच्या मार्गाने ती गोव्यास पोहोचत होती. तिच्यातील प्रमुख क्रियाशील घटक, क्रायसारोबिन, हा तरोट्याच्या बियांतील उपर्युक्त संयुगच होय. जे द्रव्य समुद्रापारहून आणून विकले जात होते, ते आपल्या बांधावरच उगवत होते.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. गोवा पावडर त्वचेचा तीव्र दाह करी, डोळ्यांस लागल्यास ते सुजत आणि कपड्यांवर न जाणारे डाग पडत. अधिक सौम्य व प्रमाणबद्ध औषधाच्या शोधातून १९१६ मध्ये डायथ्रॅनॉल हे संबंधित कृत्रिम द्रव्य पुढे आले. ते प्रामुख्याने सोरायसिसवर वापरले गेले. वनस्पतीतील गुण खरा असला, तरी मात्रा व शुद्धता निश्चित झाल्यावाचून त्याचे विश्वसनीय औषध होत नाही, हा यातील बोध आहे.

इतर उपायांचा पुरावा

कडुनिंब, करंजाचे तेल व हळद यांचे बुरशीरोधक गुण प्रयोगशाळेतील बशीत दिसून आले आहेत. तथापि, बशीतील अर्क आणि घरी वाटलेला लेप यांत मोठे अंतर आहे. लेपातील द्रव्याचे प्रमाण दरवेळी बदलते; केसांच्या मुळांत व नखांत तो पोहोचत नाही.

प्रत्यक्ष रुग्णांवर तपासले गेलेले उपाय थोडेच आहेत. लसणातील अजोईन या घटकाच्या ०.४ टक्के मलमाचा १९९६ मध्ये व्हेनेझुएलातील एका लहान अभ्यासात पायाच्या बुरशीवर चांगला परिणाम दिसला. ऑस्ट्रेलियातील टी-ट्री तेलाच्या २००२ मधील चाचणीत ५० टक्के द्रावण वापरणाऱ्या गटात ६४ टक्के, तर निष्क्रिय द्रावण वापरणाऱ्या गटात ३१ टक्के रुग्ण बरे झाले. मात्र हे शुद्ध व मोजून केलेले पदार्थ होते. कच्चा लसूण त्वचेवर बांधून ठेवल्यास भाजल्यासारख्या जखमा होतात.

पूरकांची स्थिती अधिक दुर्बळ आहे. थकवा, डोकेदुखी, उदासी या सर्वांचे मूळ शरीरातील किण्वाच्या वाढीत आहे, हा विचार अमेरिकेत १९८३ मधील विल्यम क्रूक यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केला. त्यातूनच साखर वर्ज्य करणारे आहार, कॅप्रिलिक आम्लाच्या गोळ्या इत्यादींची बाजारपेठ फोफावली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत निस्टॅटिन या बुरशीनाशकाने योनिमार्गाची लक्षणे कमी झाली. परंतु थकवा, उदासी आदी सार्वदेहिक लक्षणांवर ते निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. दही व तत्सम उपयुक्त जिवाणूंचे आहारातील स्थान निर्विवाद आहे. मात्र ते बुरशीनाशक औषधाचा पर्याय असल्याचा भक्कम पुरावा नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

नायट्यावर बिब्ब्याचे तेल लावण्याची प्रथा त्वचा पोळून काढते. फोड येतात व कायमचे व्रण राहतात. कडुनिंबाचे तेल लहान मुलांना पाजल्यास झटके येऊन मेंदूस इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

वनस्पतीची ओळख चुकणे हाही गंभीर धोका आहे. तरोट्याच्या पानात दलांच्या सामान्यतः तीन जोड्या असतात, दलांची टोके गोलसर असतात व शेंगा लांब आणि बारीक असतात. त्याचा जवळचा नातलग कासविंदा यास चार-पाच जोड्या व टोकदार दले असतात. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात मुलांचे मृत्यू झाल्याचे संशोधनातून दिसले. गडचिरोलीसारख्याच वनप्रदेशातील ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ मध्ये झालेल्या बालमृत्यूंच्या तपासातही तज्ज्ञांनी याच बियांकडे बोट दाखविले. म्हणून नायट्यावरील उपाय म्हणून कोणत्याही बिया पोटात घेणे टाळावे.

मलमाचा मोह

असे असले तरी आजची सर्वांत मोठी हानी पाल्याने नव्हे, तर स्टेरॉईडमिश्रित मलमाने होत आहे. क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉईड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण लावताच दोन-तीन दिवसांत खाज व लाली ओसरते. रुग्णास बरे वाटते. प्रत्यक्षात शरीराची प्रतिकारक्रिया दबलेली असते आणि बुरशी पसरत राहते. नायट्याची ओळखीची गोल कड पुसट होते, निदान कठीण होते, त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेषा उमटतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली.

याच काळात भारतात टर्बिनाफिन या प्रमुख औषधास दाद न देणारा नायटा वाढला. त्यास कारणीभूत बुरशीचे २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नामकरण झाले. अर्धवट उपचार व स्टेरॉईडचा गैरवापर यांनी या समस्येस हातभार लावला, असे त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे.

संकोचाचा प्रश्न

विकार गुह्य भागी असल्यामुळे तो लपविला जातो. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांच्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले; पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. अंगावर पांढरे जाणे हे नेहमी किण्वामुळेच होते असे नाही. जिवाणू किंवा लैंगिक संसर्गही कारण असू शकतो. घरगुती उपायांत गेलेला काळ येथे महाग पडतो.

व्यवहार्य सूचना

अंग धुतल्यावर सांधे व बोटांची बेचकी कोरडी करावीत. मोजे रोज बदलावेत व बूट उन्हात वाळवावेत. टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी ठेवून गरम पाण्यात धुवावीत. घरातील सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. बुरशीनाशक मलम कडेच्या बाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावे आणि खाज थांबल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे. नखे किंवा डोक्याची त्वचा बाधित असल्यास, मधुमेह वा गर्भावस्था असल्यास, अथवा विकार पुनःपुन्हा उद्भवत असल्यास डॉक्टरांकडे जावे. त्वचेचा खरवडा पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी, स्वस्त तपासणी निदानास पुरेशी साहाय्यक ठरते.

निष्कर्ष

वनौषधींचे पारंपरिक ज्ञान निराधार नाही. तरोट्याचे उदाहरण त्याची साक्ष देते. मात्र ते ज्ञान संशोधनाचा आरंभबिंदू आहे, उपचाराचा शेवट नव्हे. पाला असो वा मलम, दोन्हींची परीक्षा केवळ खाज थांबण्यावर केली जाते, तेथेच फसगत होते. घुग्घुससारख्या श्रमिक वस्तीत कोरडे मोजे, योग्य निदान व पूर्ण मुदतीचा उपचार यांची जोड मिळाली, तरच या ज्ञानाचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचेल.