चार्जिंग डॉक घेताय? पोर्ट मोजू नका, वॅट वाचा!

अलिबाग, काशीद, मुरूडकडे होमस्टे काढताय? पाहुणा खोलीत शिरल्या शिरल्या विचारतो, "प्लग कुठाय?" म्हणून सहा पोर्टचा चार्जिंग डॉक घ्यायचा विचार चांगलाच. पण खोक्यावरचे ६५ वॅट बहुतेक वेळा सगळ्या पोर्टचे मिळून असतात. सहा मोबाईल लावले की एकेकाला जेमतेम ११. लॅपटॉप तर विसराच!

शिवाय खारी हवा. पिना गंजतात, डॉक खिडकीपासून लांब ठेवा.

आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना? श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. इतके दिवस इन्व्हर्टर पुरत नाही हे खरं, पण एरवी तास-दोन तास लाईट गेली तर पुरतो. डॉक त्याच लाईनवर घ्या. भार साध्या जुन्या पंख्याएवढाच.