कामावर परतलो तर पैसे बंद होतील का?

काशीमीरा नाक्याच्या आसपासच्या आणि भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत आपल्या वस्त्यांमधले भाऊबहिणी प्रेस मशीनवर, कटिंगवर, पॉलिशवर राबतात. भांड्याचा पत्रा दाबताना एखाद्याची बोटे प्रेसखाली जातात. कामावर जाता-येता घोडबंदर रोडवर किंवा हायवेवर कुणाचा पाय मोडतो. टाके निघतात, जखम भरते आणि मग घराघरात एकच प्रश्न येतो : परत कामाला लागलो तर मिळणारे पैसे बंद होतील का?

या भीतीपोटी काही भाऊ बरे होऊनही घरी बसून राहतात. काही जण लपूनछपून काम करतात. काही जण तर शेठने बोलावले म्हणून पट्टी सुटायच्या आतच मशीनवर उभे राहतात. तिन्ही वेळा नुकसान आपलेच होते. म्हणून आम्ही आरोग्याच्या या पानावर आज पैशांचा हिशेब मांडत आहोत. हातात पैसा नसेल तर औषध आणि आराम दोन्ही सुटतात, हे आम्ही परिचारिका म्हणून वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

ईएसआय : दोन लाभ, दोन नियम

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा झाला. त्यासाठी आपल्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यामुळे हा पैसा कुणाची मेहरबानी नाही.

पहिला लाभ तात्पुरत्या अपंगत्वाचा. कामावर इजा झाली आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आले नाही, तर डॉक्टरांनी दाखला दिला असेल तितके दिवस सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेसाठी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हा हक्क आहे. मात्र ज्या दिवशी तुम्ही पगार घेऊन काम केले, त्या दिवसाचा हा लाभ मिळत नाही. दाखल्यावर घरी असताना दुसरीकडे दोन दिवस हेल्परचे काम केले आणि ते उघड झाले, तर पैसे परत करावे लागतात, कारवाईही होऊ शकते. तेव्हा ईएसआय डॉक्टरांकडून काम करण्यास योग्य असल्याचा शेवटचा दाखला घ्या आणि मगच कामावर जा.

दुसरा लाभ कायमच्या अपंगत्वाचा. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. बोट गेले, हात वाकडा राहिला, तर ईएसआयचे वैद्यकीय मंडळ तपासून कमाईची ताकद किती टक्के घटली ते ठरवते. कायद्याच्या तक्त्यात एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के, अंगठा गेल्यास ३० टक्के आणि चारही बोटे गेल्यास ५० टक्के धरले आहेत. समजा, सरासरी रोज ५०० रुपये आहे. त्याचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये आणि त्याचे २० टक्के म्हणजे दिवसाला ९० रुपये. महिन्याला साधारण २,७०० रुपये झाले.

ही रक्कम जन्मभर मिळते आणि कामावर परतल्यावरही बंद होत नाही. त्याच गाळ्यात परत जा, दुसरी नोकरी धरा किंवा भाजीची गाडी लावा, पगार किंवा कमाई वेगळी आणि हा लाभ वेगळा. फक्त हयातीचा दाखला वेळेवर द्यायचा. टक्केवारी कमी लावली असे वाटले, तर मुदतीच्या आत अपील करता येते. कागद घेऊन गप्प बसू नका.

गाळ्यात दहापेक्षा कमी माणसे असतील आणि ईएसआय लागू नसेल, तरीही मालक सुटत नाही. कामावरच्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ पासून कायद्याने मालकावर टाकली आहे. ही भरपाई एकरकमी मिळते आणि पुढे काम केले म्हणून ती परत द्यावी लागत नाही.

संजय गांधी योजनेचे वेगळे आहे

जन्मापासूनचे अपंगत्व असो, लकवा असो की कामाबाहेरचा अपघात, अशा अनेकांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार असतो. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाली आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ५० हजारांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. घरातल्या एकाने दोन घरची धुणीभांडी धरली तरी हा आकडा ओलांडला जातो. काम करू पाहणाऱ्या दिव्यांगाला ही अट मागे खेचते. ती वाढवावी आणि कमाई सुरू होताच सगळे अनुदान एकदम न तोडता हळूहळू कमी करावे, अशी आमची मागणी आहे. तोवर उत्पन्न लपवण्यापेक्षा आधी हिशेब करा. नियमित पगाराची, ईएसआय असलेली नोकरी मिळत असेल, तर २,५०० रुपयांसाठी ती सोडू नका.

आणखी एक लक्षात ठेवा. दिव्यांग कार्डावरची टक्केवारी आणि ईएसआयची टक्केवारी वेगवेगळी असते. दोन बोटे गेलेल्याला संजय गांधी योजनेसाठी लागणारे ४० टक्के कदाचित भरणार नाहीत, पण ईएसआयचा जन्मभराचा लाभ मिळू शकतो. एका ठिकाणी नकार आला म्हणून दुसरीकडे जायचे थांबू नका. आणि नोकरी लागली म्हणून दिव्यांग कार्ड रद्द होत नाही.

सरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे कामावरून काढता येत नाही. जमेल असे दुसरे काम त्याच पगारावर द्यावे लागते.

शरीराचे ऐका

कागद तयार झाला म्हणजे हात तयार झाला असे नाही. गेलेले बोट अजून तिथेच आहे आणि दुखते आहे, असे अनेकांना वाटते. ते वेड नाही, नसांचे दुखणे आहे आणि त्यावर औषधोपचार आहेत. लाजून गप्प राहू नका. उरलेल्या टोकाला मऊ कापडाने हळूहळू चोळण्याची सवय लावली की स्पर्श सहन होऊ लागतो. सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपीचे व्यायाम रोज करा. ज्या भागाला संवेदना नाही, तो गरम पत्रा आणि फिरत्या मशीनपासून जपा. तंबाखू आणि विडीने जखम भरायला वेळ लागतो. साखर असेल तर ती ताब्यात ठेवा. पहिले काही आठवडे हलके काम द्यावे, असे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद मालकाला द्या.

अपघात झाला की एवढे करा

त्याच दिवशी अपघाताची नोंद वहीत करायला लावा आणि तिचा फोटो काढा. दवाखान्यात 'घरी पडलो' असे शेठच्या सांगण्यावरून सांगू नका. त्या एका वाक्याने जन्मभराचा लाभ जातो. ईएसआयचा नंबर घरच्यांनाही माहीत असू द्या. पगाराची चिठ्ठी, केसपेपर आणि प्रत्येक दाखल्याची झेरॉक्स एका पिशवीत ठेवा.

वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या कागदांसाठी ठेवा. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज भरून द्यावेत. वस्तीत कुणी इजेनंतर घरी बसून असेल, तर त्याच्याकडे या आठवड्यात जा आणि विचारा : ईएसआय कापला जात होता का? वैद्यकीय मंडळापुढे गेलात का? या दोन प्रश्नांतून एखाद्या घराचा अडकलेला हक्क मोकळा होऊ शकतो.

जय भीम!