दोन स्वस्त कार्डं आणि लाख कोटींचा हिशोब

साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ अडखळू नये यासाठी ते सगळे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. हे झाले दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके. त्यातल्या प्रत्येकाचा रंग ठरवताना उजेड कुठून येतोय, भिंत खडबडीत आहे की गुळगुळीत, मध्ये कुणी उभं आहे का, हे सगळं गणिताने सोडवायचं, आणि सगळं चित्र १७ मिलिसेकंदांच्या आत तयार करून पुढच्याला लागायचं.

हे काम करणाऱ्या जुन्या, स्वस्त ग्राफिक्स कार्डांपैकी दोन नावं आजही हमखास कानावर येतात. एनव्हीडियाचं जीटीएक्स १०५० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ५७०. पहिलं ऑक्टोबर २०१६ मध्ये १३९ डॉलरला आलं, दुसरं एप्रिल २०१७ मध्ये १६९ डॉलरला. कमी पैशांत पीसी जुळवणारी कॉलेजची मुलं जुन्या बाजारात या दोघांपाशी येऊन थांबतात आणि विचारतात, ५७० किती पटीने भारी? प्रश्न रास्त आहे. पण याला एकच उत्तर नाही, आणि ते का नाही हे बघताना जे आकडे समोर येतात त्यांनी मला आजवर कधी कंटाळा येऊ दिलेला नाही.

१०५० टीआयची मुख्य चिप १३२ चौरस मिलिमीटरची आहे, म्हणजे बाजू साडेअकरा मिलिमीटर. तेवढ्यात ३३० कोटी ट्रान्झिस्टर. आरएक्स ५७०ची चिप २३२ चौरस मिलिमीटर, ट्रान्झिस्टर ५७० कोटी. (नाव आणि संख्या जुळणं हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा.) भागाकार करून बघा. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे कारखाने, तरी दोन्हींत एका चौरस मिलिमीटरला साधारण अडीच कोटी ट्रान्झिस्टर बसलेत. मोहरीचा दाणा टेकवला तर त्याच्याखाली एखाद्या महानगराच्या लोकसंख्येहून जास्त विजेची बटणं झाकली जातील.

आता वेग. १०५० टीआयमध्ये गणितं करणारी ७६८ छोटी केंद्रं आहेत, ५७० मध्ये २,०४८. प्रत्येक केंद्र घड्याळाच्या एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज उरकतं. कंपनीने दिलेल्या कमाल वेगाने १०५० टीआयचे ठोके सेकंदाला १३९ कोटी पडतात, ५७०चे १२४ कोटी. गुणाकार केला की १०५० टीआयला सेकंदाला २.१४ लाख कोटी गणितं आणि ५७०ला ५.१ लाख कोटी.

लाख कोटी म्हटलं की आपल्याला सरकारी अर्थसंकल्प आठवतो, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून २०११च्या जनगणनेतला महाराष्ट्र घेऊ, ११ कोटी २४ लाख माणसं. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं, प्रत्येकाने सेकंदाला एक दशांशातलं गणित न चुकता, न थांबता सोडवलं, तर १०५० टीआयच्या एका सेकंदाचं काम संपवायला अख्ख्या राज्याला ५ तास १७ मिनिटं लागतील. ५७०च्या एका सेकंदासाठी १२ तास ३६ मिनिटं. सकाळी सहाला सुरुवात केली तर संध्याकाळचे साडेसहा वाजून जातील.

आणि ठोका तरी केवढा? ५७०च्या दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाश मोकळ्या पोकळीत फक्त २४ सेंटिमीटर जातो. बाजारात मिळणारी या जातीची बरीच कार्डं साधारण तेवढ्याच लांबीची असतात. विश्वातली सगळ्यांत वेगवान गोष्ट कार्डाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत आतल्या २,०४८ केंद्रांनी आपापला गुणाकार आणि बेरीज संपवलेली असते.

मग ५७० जवळपास २.४ पट भारी, झालं? खेळ लावून बघितलं तर तसं दिसत नाही. त्या काळातल्या बहुतेक खेळांत ते १०५० टीआयच्या साधारण सव्वा ते दीडपट चालतं. उरलेली ताकद जाते कुठे, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुरस भाग वाटतो. एक तर रंगवलेला ठिपका शेवटी मेमरीत लिहिणारे विभाग दोन्ही कार्डांत ३२च आहेत, आणि ठोक्यांचा वेग १०५० टीआयचा जास्त. म्हणजे कागदावर या एका कामात स्वस्त कार्डच पुढे. दुसरं, एएमडीची त्या पिढीची रचना ६४-६४ कामांचे गट करून राबते. सगळ्या गटांना सतत पुरेसं काम मिळालं तर ती तुफान चालते, पण खेळात कामं तुटक-तुटक येतात आणि केंद्रं रिकामी बसतात. एनव्हीडिया ३२चे गट करते, मेमरीकडे जाणाऱ्या माहितीची दाबून पुडी बांधते, आणि त्यामुळे आहे तेवढ्यातून जास्त काढते. तिसरं कारण कार्डाबाहेरचं आहे. डायरेक्टएक्स ११वर चालणाऱ्या खेळांत एएमडीचा ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर जास्त भार टाकायचा, आणि स्वस्त पीसीत प्रोसेसरही बेताचाच असतो.

दोन्ही कार्डांचा पंखा आणि हीटसिंक काढून बघा. मधल्या चकचकीत चिपभोवती १०५० टीआयला मेमरीच्या चार काळ्या चौकोनी चिप दिसतील, ५७०ला आठ. प्रत्येक चिपकडून ३२ वाटा निघतात आणि एकेका वाटेवरून सेकंदाला ७०० कोटी बिट धावतात. तांब्याच्या रेषेतून सिग्नल प्रकाशाच्या जेमतेम निम्म्या वेगाने जातो, त्यामुळे एका बिटनंतर दुसरा निघेपर्यंत पहिला फक्त दोनेक सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर! अशा १२८ वाटांतून १०५० टीआय सेकंदाला ११२ जीबी वाहून नेतं, २५६ वाटांतून ५७० नेतं २२४ जीबी. पडद्यावर जाणारं तयार चित्र सेकंदाला अर्धा जीबीच भरतं. बाकीची सगळी ये-जा ते चित्र बनवण्यासाठी चाललेली असते.

या दुप्पट वाटांनीच ५७०चं नशीब ठरवलं. इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगमध्ये एकेका प्रयत्नाला मेमरीतल्या ६४ वेगवेगळ्या जागांहून १२८-१२८ बाइट उचलावे लागत, म्हणजे एकूण ८,१९२ बाइट. २२४ जीबीला त्याने भागलं की सेकंदाला २ कोटी ७३ लाख प्रयत्न येतात, १०५० टीआयला नेमके निम्मे. इथे गणिती केंद्रांची संख्या जवळपास गौण होती. मायनर मंडळी मेमरीचा वेग ताणून ५७०ला या आकड्याच्याही थोडं पुढे नेत. म्हणूनच बाजारात येऊन काही आठवडे होतात न होतात तोच ही कार्डं दुकानांतून गायब झाली आणि ज्यांच्यासाठी बनवली होती त्या खेळणाऱ्यांना दुप्पट भावातही मिळेनात. मला याचं आजही वाईट वाटतं. अखंड वर्षभर राबलेल्या एका ५७०च्या मेमरीतून सुमारे ७०० कोटी जीबी माहिती गेलेली असते. २०२०च्या अखेरीस इथेरियमच्या मायनिंगला मेमरीत ठेवावी लागणारी फाईल ४ जीबीत मावेनाशी झाली आणि ४ जीबीची कार्डं या धंद्यातून बाहेर पडली. १५ सप्टेंबर २०२२ला मायनिंगच बंद झालं आणि ८ जीबीचीही बाहेर पडली.

आणखी एक तुलना पुण्याची, आणि ती मला मनापासून करावीशी वाटते. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम संगणक उभे राहिले. १९९८चा परम १०००० हा १६० प्रोसेसरांच्या रचनेत सेकंदाला १०,००० कोटी गणितं करू शकत होता. हे आमच्या २.१४ लाख कोटींपुढे काहीच नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. हवामानासारख्या कामाला ६४ बिटांची काटेकोर गणितं लागतात, परमचा आकडा त्या गणितांचा आहे. खेळाला ३२ बिट पुरतात, कार्डांचे वरचे आकडे त्या गणितांचे आहेत. ६४ बिटांवर आणलं की १०५० टीआयचा वेग ३२व्या हिश्शावर येतो, ५७०चा १६व्या. म्हणजे पहिलं ६,६८० कोटी, दुसरं ३१,८०० कोटी. बरोबरीच्या मापाने मोजलं तर १०५० टीआय २०१६ मध्येही पुण्याच्या त्या यंत्राच्या दोन-तृतीयांशावर थांबतं आणि ५७० त्याच्या तिप्पट पुढे जातं. दोन कार्डांमधलं अंतर इथे पावणेपाच पट!

२.४ पट, दीडपट, दुप्पट, पावणेपाच पट, आणि ठिपके लिहिण्यात चक्क मागे. तीच दोन कार्डं.

घेणाऱ्यासाठी मात्र सर्वांत महत्त्वाचा आकडा अगदी लहान आहे. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. १०५० टीआय नेमकं तेवढ्यात भागवतं, त्यामुळे त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी केबलच लागत नाही. एखाद्या कचेरीतून निघालेला जुना ब्रँडेड पीसी असेल, त्याच्या पॉवर सप्लायला ग्राफिक्सची केबल नसेल, तर चर्चा तिथेच संपते. १०५० टीआयच घ्या. ५७०ला १५० वॅट लागतात, सहा किंवा आठ पिनांची केबल लागते आणि ती देणारा दणकट सप्लाय लागतो. रोज चार तास खेळलं तर वर्षाला सुमारे ११० युनिट जास्त जळतात, युनिटला १० रुपये धरले तर ११०० रुपये.

सप्लाय चांगला असेल तर मी ५७० सांगेन, तेही ८ जीबीचं, कारण नंतरच्या खेळांना ४ जीबी तोकडी पडते. फक्त विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकडा उमटला तर मेमरी गेली समजा. मायनिंगवाल्यांनी बायोस बदलून ठेवलेली कार्डंही खूप फिरतात. काही मॉडेलांवर कडेला एक बारीक बटण असतं, ते सरकवलं की कंपनीचा मूळ बायोस परत मिळू शकतो. ते बटण आहे का, हे पैसे देण्याआधीच तपासा.