ताबा आणि भोगवटा : दिल्ली परिसरातील सदनिका-कराराचे संहितावाचन

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी भाषकांच्या तोंडी इतकी रुळलेली आहे की तिच्या व्याकरणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘पाहावे’ आणि ‘बांधून’ या दोन्ही क्रियांचा अध्याहृत कर्ता एकच आहे, आणि तो घरधनी आहे. गवंडी त्याने लावायचा, लाकूड-विटांचा हिशेब त्याने ठेवायचा, अडचणी त्याने सोसायच्या. पण निर्णयही त्यानेच घ्यायचे. सदनिकेच्या व्यवहारात हा कर्ता दुभंगतो. बांधणारा एक आणि पाहणारा दुसरा. पाहणाऱ्यालाही प्रत्यक्ष घर दिसत नाही. त्याला दिसतो तो कागद. इमारत उभी राहण्यापूर्वी घर विकत घेणारा माणूस काटेकोरपणे बोलायचे तर एक संहिता विकत घेत असतो.

दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे नोएडा, ग्रेटर नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबाद या पट्ट्यात, या संहितेची किंमत किती मोठी असू शकते हे गेल्या दोन दशकांत दिसून आले. रखडलेल्या गृहप्रकल्पांचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली अमिताभ कांत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालात बँकांच्या संघटनेच्या अंदाजाचा आधार घेऊन देशभरात सुमारे ४ लाख १२ हजार घरे अडचणीत असल्याचे, आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ४० हजार एकट्या राजधानी क्षेत्रात असल्याचे नमूद केले आहे. एकीकडे कर्जाचा हप्ता आणि दुसरीकडे राहत्या घराचे भाडे असा दुहेरी भार वर्षानुवर्षे वाहणारी ही कुटुंबे आहेत. या प्रश्नाचे आर्थिक आणि प्रशासकीय विवेचन पुष्कळ झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. ज्या करारावर हे व्यवहार उभे राहिले तो कोणी लिहिला, त्याची रचना कशी होती आणि न्यायालयांनी व विधिमंडळांनी त्याचे वाचन कसे केले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाला लेखक, वाचक आणि संहिता यांच्या संबंधांविषयी जे प्रश्न नित्य पडतात, तेच येथे फार मोठी किंमत लावून विचारले गेले आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

१. एका संहितेचे तीन थर

घर घेणाऱ्याच्या हाती सामान्यतः तीन प्रकारचे लेखन येते. पहिले जाहिरातपुस्तिकेचे. तेथे हिरवळ, तलाव, पोहण्याचा हौद आणि उन्हाने उजळलेली दिवाणखान्याची खिडकी असते; भाषा वर्णनपर आणि संबोधन थेट वाचकाला. दुसरे वाटपपत्राचे. तेथे वर्णन संपते आणि क्रमांक सुरू होतात: मनोरा, मजला, सदनिका, हप्ता. तिसरे कराराचे. तेथे संबोधन नाहीसे होते; ‘तुम्ही’ जाऊन ‘खरेदीदार’ येतो आणि क्रियापदे कर्मणी होतात. ताबा ‘दिला जाईल’, आराखड्यात बदल ‘केले जाऊ शकतील’. कोण देईल, कोण करील, याचे उत्तर वाक्यातून निसटलेले असते. शिवाय या पट्ट्यात खरेदीदारांचा नित्य व्यवहार हिंदी, पंजाबी, हरियाणवी वा अन्य भाषांत चालत असला तरी करार बहुधा इंग्रजीत असतो. स्वप्न एका भाषेत आणि बंधन दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी आहे.

महत्त्वाचा मुद्दा असा की हे तीन थर एकाच वेळी हाती येत नाहीत. पुस्तिका पाहून नोंदणीची रक्कम भरली जाते; करार बऱ्याचदा पुढे कित्येक महिन्यांनी समोर येतो. तोवर इतके पैसे गुंतलेले असतात की मजकुराशी असहमत होण्याचे स्वातंत्र्य नावापुरते उरते. वाचन स्वाक्षरीच्या आधी व्हावे हा करारशास्त्राचा मूळ संकेत. येथे पैसे आधी, मजकूर नंतर आणि वाचन सर्वांत शेवटी, बहुधा वाद निर्माण झाल्यावर होते.

२. काळाचे व्याकरण

अशा कराराचे सर्वांत बोलके न्यायालयीन वाचन सर्वोच्च न्यायालयाच्या २ एप्रिल २०१९ च्या निकालात आढळते. प्रकरण गुरुग्रामच्या सेक्टर ६२ मधील ‘अराया’ या पायोनियर अर्बन कंपनीच्या प्रकल्पातील सदनिकेचे होते. करार मे २०१२ मध्ये झाला. खोदकाम सुरू झाल्यापासून ३९ महिने आणि त्यावर १८० दिवसांची सवलत, अशी मुदत होती. ती मार्च २०१६ मध्ये संपली. खरेदीदाराने २०१७ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे परताव्याची मागणी केली. भोगवटा प्रमाणपत्र जुलै २०१८ मध्ये मिळाले आणि त्यानंतर कंपनीने ताबा देऊ केला. तोवर खरेदीदाराने सुमारे ४ कोटी ४८ लाख रुपये भरलेले होते.

न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांच्या पीठाने या कराराची दोन कलमे शेजारी ठेवून वाचली. खरेदीदाराचा हप्ता चुकला तर कंपनी वर्षाला १८ टक्के व्याज आकारू शकत होती. कंपनीकडून ताब्याला उशीर झाला तर तिचे दायित्व ९ टक्के होते. खरेदीदाराला करार संपवायचा असेल तर सवलतीची मुदत उलटल्यावर आणखी १२ महिने थांबून ९० दिवसांची सूचना द्यायची होती. त्यानंतर परताव्यासाठी कंपनीला पुन्हा ९० दिवस. दोन्ही पक्षांसाठी काळ एकाच गतीने चालत नाही, हे या कलमांच्या तुलनेतून उघड होते. एकाचा उशीर दिवसांत मोजला जातो, दुसऱ्याचा वर्षांत.

खरेदीदाराने स्वाक्षरी केली म्हणजे त्याने हे सारे मान्य केले, हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. विकासकाने आधीच तयार केलेल्या मजकुरावर ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून ज्याला पर्याय नव्हता, त्याला तो एकतर्फी मजकूर बांधून ठेवू शकत नाही, असा निर्णयाचा आशय आहे. अशी कलमे घालणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरविण्यात आली आणि वर्षाला १०.७ टक्के व्याजासह परताव्याचा आदेश कायम झाला. येथे न्यायालयाने शब्दांचा अर्थ लावण्यापूर्वी संहितेचे कर्तृत्व तपासले. मजकूर काय म्हणतो, याआधी तो कोणाच्या हातचा आहे, हे विचारले. संहितेला लेखकापासून तोडून वाचावे असे सांगणाऱ्या समीक्षादृष्टीची मर्यादा दाखविणारे हे उदाहरण आहे.

३. आराखडा बदलतो तेव्हा

करारातील दुसरी मोकळी जागा आराखड्याची. गुरुग्राममधील ‘बेलेअर’ या प्रकल्पाच्या रहिवाशांनी तक्रार केली तेव्हा १९ मजल्यांची योजना २९ मजल्यांवर गेलेली होती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०११ मध्ये डीएलएफ कंपनीला ६३० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने २०१४ साली तो कायम ठेवला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

नोएडाच्या सेक्टर ९३-अ मधील सुपरटेकच्या ‘एमराल्ड कोर्ट’चे प्रकरण अधिक परिचित आहे. मूळ आराखड्यात जेथे उद्यान दाखविले होते, तेथे ‘अपेक्स’ आणि ‘सियान’ हे दोन मनोरे उभे राहू लागले. दोन इमारतींमधील किमान अंतराचा नियम मोडला गेला आणि आधीच्या सदनिकाधारकांची संमती घेतली गेली नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मनोरे पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तो कायम केला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी दोन्ही मनोरे स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आले. नकाशावरचा हिरवा रंग हा सजावट नसून वचन आहे, असे वाचन रहिवाशांनी केले होते. ते ग्राह्य ठरले. पण त्यासाठी रहिवासी संघटनेला अनेक वर्षे न्यायालयांत लढावे लागले.

४. पानावर नसलेला पक्ष

करारावर नावे दोघांची असली तरी राजधानी क्षेत्रात, विशेषतः नोएडात, तिसरा पक्षही असतो. जमीन विकास प्राधिकरणाची असते आणि विकासकाला ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात प्राधिकरणांची देणी थकली, खरेदीदारांचे पैसे अन्यत्र वळविले गेले आणि ४० हजारांहून अधिक कुटुंबे खोळंबली. ज्या व्यवहारात त्यांचा सहभागच नव्हता त्याचे परिणाम त्यांना भोगावे लागले. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाची नोंदणी आणि भाडेपट्टे रद्द केले, अपूर्ण इमारती पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपविले आणि प्राधिकरणांची थकबाकी खरेदीदारांच्या घरांतून वसूल करता येणार नाही असे ठरविले. ज्याचे नाव पानावर नाही त्याचे अर्थकारणच संहितेचे भवितव्य ठरविते, हे या निकालातून स्पष्ट झाले.

५. महाराष्ट्राचा दाखला

तुलनेसाठी महाराष्ट्राकडे पाहणे उद्बोधक ठरेल. घरांच्या तीव्र टंचाईमुळे सदनिकांच्या विक्रीत गैरप्रकार वाढत असल्याची कबुली ‘महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३’ याच्या प्रास्ताविकातच आहे. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार, त्याची नोंदणी, मंजूर आराखड्यात संमतीविना बदल न करणे, अशी बंधने त्याने घातली आणि १९६४ च्या नियमांनी कराराचा नमुनाच पुरविला. करार लिहिण्याचा विकासकाचा अनिर्बंध अधिकार मुंबई-पुण्यात काही अंशी तरी साठ वर्षांपूर्वीच शासनाकडे आला होता.

या परंपरेने मराठीला एक शब्दसंपदाही दिली: सदनिका, प्रवर्तक, चटईक्षेत्र, अभिहस्तांतरण. त्यांतील ‘चटईक्षेत्र’ हा शब्द विशेष सुंदर आहे. ज्यावर चटई अंथरता येईल तेवढीच जागा खरी, असा व्यवहारज्ञानाचा निकष त्यात आहे. ‘भोगवटा’ हा शब्द त्याहून अर्थपूर्ण. भोग म्हणजे उपभोग आणि भोग म्हणजे वाट्याला आलेले दुःखही. प्रमाणपत्र पहिल्या अर्थाचे मिळते. ते मिळेपर्यंतचा काळ दुसऱ्या अर्थाने जातो. ‘ताबा’ या शब्दाच्या शेजारी दिल्लीकडचा ‘कब्ज़ा’ ठेवून पाहावा. तेथे हाच शब्द कायदेशीर हस्तांतरणासाठी आणि दांडगाईने जागा बळकावण्यासाठीही वापरला जातो. ‘खोसला का घोसला’ (२००६) या दिल्लीतील भूखंडावर बेतलेल्या हिंदी चित्रपटाचे कथानक या दुसऱ्या अर्थावर उभे आहे.

मात्र नमुना करार असला की न्याय मिळतो, असेही महाराष्ट्राचा अनुभव सांगत नाही. इमारत उभी राहिली, कुटुंबे राहू लागली, तरी अनेक प्रवर्तकांनी जमिनीचे अभिहस्तांतरण गृहनिर्माण संस्थांना करून दिले नाही. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. जे घडले नाही ते घडले असे मानावे, ही कायद्याची कल्पित कथा वास्तवातील हट्टाला दिलेले उत्तर होते.

६. पुनर्लेखन आणि नामांतर

‘स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६’ हा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. संहितेच्या दृष्टीने पाहता तो आतापर्यंत वर्णिलेल्या प्रत्येक पळवाटेचे पुनर्लेखन आहे. जाहिरातीतील खोट्या विधानाबद्दल भरपाई किंवा व्याजासह परतावा मागता येतो. म्हणजे वर्णनपर भाषाही बंधनकारक झाली. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. वाचन पुन्हा पैशांच्या आधी आले. चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित झाली. दोन्ही पक्षांच्या व्याजाचा दर समान झाला. दैवी आपत्तीचे मोघम कलम युद्ध, पूर, अवर्षण, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि अन्य नैसर्गिक संकटे एवढ्यापुरते आवळले गेले. आराखड्यातील मोठ्या बदलाला दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आवश्यक झाली. ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि बांधकामातील दोषांची पाच वर्षे जबाबदारी घेणेही आले. मुदतीत ताबा न मिळाल्यास परतावा मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात स्पष्ट केले.

या काळात खरेदीदाराचे नावही बदलत गेले. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे १९९३ साली मान्य झाले आणि तो ग्राहक ठरला. २०१६ च्या कायद्याने त्याला वाटपधारक म्हटले. जेपी इन्फ्राटेक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा बँकांच्या रांगेत त्याला जागाच नव्हती. जून २०१८ च्या वटहुकुमाने दिलेल्या नव्या स्पष्टीकरणामुळे तो धनको बनला, कारण त्याने भरलेले हप्ते कर्जासारखे मानले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा अट आली: अर्ज करायचा तर किमान १०० जण किंवा प्रकल्पातील १० टक्के वाटपधारक एकत्र हवेत. प्रत्येक नावाबरोबर दाद मागण्याचे एक दार उघडले. पण ज्या नावासाठी त्याने पैसे भरले, ते ‘घरमालक’ हे नाव यांपैकी एकाही टप्प्यावर त्याला आपोआप मिळाले नाही.

यावरून दोन निष्कर्ष काढता येतात. कराराचा अन्याय मजकुराच्या क्लिष्टतेत नसून तो एकट्याने लिहिण्याच्या अधिकारात होता. म्हणून खरी सुधारणा लेखकत्व वाटून घेण्यात आहे. दुसरे, खरेदीदारांनी लिहिलेल्या तक्रारी हाही एक वाङ्मयप्रकार मानून वाचला पाहिजे. करारात तारखा मोघम असतात. तक्रारअर्जात त्या एकामागून एक क्रमाने येतात. किती भरले, केव्हा भरले, काय सांगितले गेले, काय दिसले. कर्मणी प्रयोगात हरवलेला कर्ता तेथे वाक्यात परत येतो. या अर्जांचा तौलनिक अभ्यास हिंदी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत होण्याजोगा आहे, आणि त्याची सामग्री ग्राहक आयोगांच्या व स्थावर संपदा प्राधिकरणांच्या दप्तरांत उपलब्ध आहे.