विश्लेषण : अमेरिकी कॉलेज बेसबॉलमध्ये शिष्यवृत्त्या वाढल्या, मग जागा का घटल्या?

अमेरिकेतील कॉलेज बेसबॉलमध्ये २०२५-२६ पासून शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील जुनी मर्यादा उठली. त्याच वेळी संघात किती खेळाडू ठेवायचे यावर मात्र ३४ चे बंधन आले. कॉलेज बदलण्याचे नियम तर २०२४ मध्येच सैल झाले होते. खेळाडूंच्या हिताच्या वाटणाऱ्या या बदलांचा फायदा सर्वांना सारखा का मिळत नाही?

जुनी पद्धत काय होती?

अमेरिकेत कॉलेज क्रीडा स्पर्धांचे नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन म्हणजेच ‘एनसीएए’ करते. तिच्या सर्वोच्च ‘डिव्हिजन वन’ गटात बेसबॉल संघाला फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. बड्या फुटबॉल संघांसाठी हाच आकडा ८५ होता. बेसबॉलचे प्रशिक्षक ही रक्कम तुकड्यांत वाटत. ती २७ जणांत विभागली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४३ टक्के येत. उरलेले शुल्क पालकांनी भरायचे किंवा कर्ज काढायचे. काही खेळाडू एक डॉलरही न घेता खेळत. त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात.

नेमके काय बदलले?

‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. तडजोडीत सहभागी झालेल्या कॉलेजांना आता बेसबॉलच्या सर्व ३४ खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण ती दिलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. ही कॉलेजे पहिल्या वर्षी खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत महसुली वाटाही देऊ शकतात. त्यातील मोठा हिस्सा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. त्यामुळे श्रीमंत कॉलेजांचे बेसबॉल संघ अधिक शिष्यवृत्त्या देतात, तर इतरांची स्थिती फारशी बदलत नाही. आयव्ही लीगची विद्यापीठे तडजोडीपासून दूर राहिली. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती मुळातच नाही.

फटका कोणाला?

अलीकडच्या हंगामांत संघात ४० खेळाडू ठेवता येत होते. आता ३४ च्या मर्यादेत सर्वांत आधी बाहेर पडतो तो वॉक-ऑन आणि नवखा खेळाडू. पूर्वी असा मुलगा एक-दोन वर्षे राखीव राहून तयार होई. नियमित हंगामात ५६ पर्यंत सामने असतात आणि त्यासाठी पिचर भरपूर लागतात. जायबंदी पिचरही जागा अडवतो. त्यामुळे भविष्यातील खेळाडू म्हणून कोणाला सांभाळणे प्रशिक्षकाला परवडत नाही. या मर्यादेमुळे जागा गमावलेल्या २०२५ च्या खेळाडूंना न्यायालयाने सवलत दिली. ते ३४ मध्ये मोजले जात नाहीत. मात्र त्यांना परत घेण्याचे बंधन कॉलेजवर नाही आणि पुढच्या तुकड्यांना ही सवलतही नाही.

कॉलेज बदलणे सोपे झाले, मग अडचण काय?

पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या बेसबॉलपटूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदलाची मुभा मिळाली. २०२४ पासून शैक्षणिक अटी पूर्ण केल्यास कितीही वेळा बदल करून लगेच खेळता येते. पण ही सोय प्रशिक्षकालाही आहे. १८ वर्षांच्या मुलाला घडवण्यापेक्षा २१-२२ वर्षांचा अनुभवी खेळाडू आणणे त्याला सोयीचे वाटते. शिवाय ‘ट्रान्स्फर पोर्टल’वर नाव नोंदवले म्हणजे नवी जागा मिळालीच असे नाही. उलट जुने कॉलेज पुढील सत्राची मदत थांबवू शकते. आधीचे काही क्रेडिट नव्या कॉलेजात ग्राह्य धरले गेले नाहीत, तर पदवी लांबते.

व्यावसायिक बेसबॉलचा पर्याय?

तो मार्गही अरुंद झाला आहे. मेजर लीगच्या खेळाडू निवडीच्या पूर्वी ४० फेऱ्या होत, २०२१ पासून २० होतात. त्यामुळे कॉलेजच्या जागांवर अधिक भार पडतो. दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे हा पर्याय उरतो. तिथे वरच्या गटात संघाला २४ शिष्यवृत्त्या देता येतात.

काय तपासावे?

‘पूर्ण शिष्यवृत्ती’ या शब्दांवर न थांबता तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : मदत किती वर्षांची आहे, दुखापत झाल्यास किंवा संघातून वगळल्यास ती टिकते का आणि कॉलेज बदलल्यास किती क्रेडिट सोबत नेता येतात. संघातली जागा दरवर्षी नव्याने मिळवावी लागते, पण पदवी अर्धवट राहिली तर त्याची किंमत बेसबॉल सुटल्यावरही मोजावी लागते.